पाणकराच्या सुनेने काढलेलं बूच

पाहुणे येणार म्हणून मी गोंदियाजवळच्या फुलचूरच्या आमच्या दोन खोल्यांना चुना देऊन घेतला, त्यात हौस थोडी आणि कपट जास्त होतं. माझी शाळेतली मैत्रीण आणि तिचे यजमान दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आमच्याकडे यायचे होते. माझ्या यजमानांच्या समजुतीप्रमाणे ते गोंदिया बघायला येत होते. प्रत्यक्षात त्यांच्या ट्रंकेत एक कोरा अर्ज होता. मैत्रिणीचे यजमान ज्या शाळेत होते तिथे विज्ञानाच्या शिक्षकाची जागा रिकामी झाली होती, आणि तो अर्ज घेऊन या असं मीच तिला कळवलं होतं. यांना विचारलं नव्हतं.

आमच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. हे गोंदियातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत. मी पुण्यात वाढलेली. मला गोंदियाचा नेमका काय त्रास होता, ते आज धड सांगताही येत नाही. नवऱ्याने कधी आवाज चढवला नाही, सासरी कोणी टोचून बोललं नाही. पण बाजारात हिंदी, शेजारी पोवारी, सासरी झाडीबोली, आणि मी तोंड उघडलं की भाजीवाली पदर तोंडाला लावून हसायची. मी रडूबाई नव्हे, पण रागीट आहे. भाजीवालीचा राग मी सगळ्या गावावर काढला आणि पत्रात लिहून टाकलं की इथे बघण्यासारखं काहीही नाही.

माझा बेत साधा होता. पाहुण्यांना चार दिवस फिरवायचं, त्यांचे कंटाळलेले चेहरे यांना दिसू द्यायचे, आणि निघायच्या आदल्या दिवशी मैत्रिणीच्या यजमानांनी अर्ज पुढे करायचा. तोवर हे आपोआप वरमलेले असतील असा माझा हिशेब होता.

पाहुणे काही कंटाळले नाहीत. स्टेशनवर उतरल्या उतरल्या मैत्रिणीचे यजमान छोट्या रुळांची गाडी बघत उभे राहिले ते हलेचनात. "अहो, हिच्यात बसून माणसं खरंच जबलपूरपर्यंत जातात?" त्यांनी विचारलं. हे म्हणाले, "जातात, आणि बकऱ्याही जातात." दुपारी भाताच्या गिरण्यांच्या बाजूने गेलो, तर उकडलेल्या धानाच्या वासाने मैत्रिणीला भूक लागली. मला दोन वर्षं त्या वासाने डोकं धरायला होत असे. ओट्यांवर बायका मांडीत सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. त्यातल्या एकीने गप्पा मारता मारता, हाताकडे न बघता, विडीला दोरा बांधला. मैत्रीण म्हणाली, "पुन्हा करून दाखवा ना." ती बाई म्हणाली, "पुन्हा काय बाई, दिवसभर तेच करून राहिली." सगळ्याजणी हसल्या आणि मैत्रिणीला बसायला जागा करून दिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही रेल्वेने दरेकशाला गेलो. डोंगर जवळ आले, दोन्ही बाजूंना जंगल दाटलं, आणि गाडी बोगद्यात शिरली तेव्हा मैत्रिणीने लहान मुलीसारखा माझा दंड धरला. उतरून आम्ही झाडीतून धबधब्यापर्यंत चालत गेलो. पावसाळा संपून गेलेला, तरी कड्यावरून पाणी असं कोसळत होतं की बोललेलं ऐकू येत नव्हतं. मी शिदोरी सोडली, त्यात हिरवे शिंगाडे होते, तळ्यातून काढून आणलेले. ते दाताने कसे सोलायचे ते मी दाखवलं. दाखवता दाखवता मी म्हणाले, "आमच्याकडचे शिंगाडे बघ किती गोड असतात." आमच्याकडचे! मैत्रिणीने माझ्याकडे रोखून बघितलं आणि कानाशी येऊन म्हणाली, "तू तर लिहिलं होतंस, इथे काही नाही म्हणून." मी तिला गप्प बसायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी माझ्या सासरी जायचं होतं. तिरोड्यापर्यंत रेल्वे, पुढे बैलगाडी. सासरचं गाव बोदलकशाच्या पलीकडे. वाटेत बोदलकशाचं मोठं धरण दाखवून झालं, पण यांना खरी घाई होती ती घरच्या तलावाची. आमच्या सासरची माणसं पिढ्यान् पिढ्या तलाव बांधणारी. गावचा तलाव त्यांच्याच कोणा पूर्वजाने बांधलेला, आणि माझे सासरे गावाचे पाणकर होते. पाणकर म्हणजे पाण्याची वाटणी करणारा माणूस. कोणाच्या शेतात कधी आणि किती पाणी सोडायचं ते तो ठरवतो, आणि त्याच्याशिवाय तलावाच्या पाण्याला कोणी हात लावत नाही.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, उभं राहून यांनी पाहुण्यांना खालची शेतं दाखवली. भाताच्या खाचराला इथे बांधी म्हणतात. बांध्या पायऱ्यांसारख्या खाली उतरत गेल्या होत्या. "पाऊस कमी झाला की आधी पाणी कोणाला मिळतं?" मैत्रिणीच्या यजमानांनी विचारलं. हे म्हणाले, "त्या शेवटच्या बांधीला. मग तिच्या अलीकडची. तलावाजवळ ज्याची बांधी, त्याची बारी सगळ्यात शेवटी. नाहीतर पाणी खालपर्यंत पोचतच नाही." पाळीला लागून असलेली पहिली बांधी कोणाची, असं त्यांनी विचारलं. "आमचीच," हे म्हणाले. यात बढाई मारावी असं काही आहे हे यांच्या गावीही नव्हतं. पाहुणे त्या उतरत्या शेतांकडे बघत राहिले. खरं सांगायचं तर मीही बघत राहिले, कारण दोन वर्षांत मी हे कधी विचारलं नव्हतं.

माझी चूक झाली ती यानंतर. हे दोघे पुरुष पाळीवरून पुढे चालत गेले आणि मी मैत्रिणीला तुडूम दाखवायला नेलं. तुडूम म्हणजे तलावातून पाणी बाहेर सोडण्याची दगडी जागा. पायऱ्या पाण्यात उतरतात, पायरीगणिक एक भोक असतं, आणि भोकात लाकडी बूच ठोकून गवत-मातीने लिंपलेलं असतं. मैत्रिणीने विचारलं, "हे उघडतात कसं?" आता पाणकराची सून म्हणून मला तोरा आला. आदल्या वर्षी सासऱ्यांना मी बूच काढताना बघितलं होतं. मी नऊवारीचा काष्टा खोचला, दोन पायऱ्या उतरले आणि म्हटलं, "असं." जरासं हलवून दाखवायचं, इतकाच विचार होता. बूच हललं, गवत सुटलं, आणि क्षणात त्या भोकाने ते माझ्या हातातून आत ओढून नेलं. पाळीच्या पलीकडे पाटात पाणी धाडकन पडल्याचा आवाज आला.

मला आधी हसू आलं. मग खालच्या बांध्यांकडे बघितलं. गावचा हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान चार दिवसांपूर्वी कापला होता. सगळ्यांचा धान बांध्यांमध्ये जमिनीवर पसरून वाळत पडला होता. आता पाण्याचं काम नाही म्हणून पाटाच्या कडेची तोंडं मोकळीच होती. म्हणजे हे पाणी एकेका बांधीत शिरून सगळ्या गावाचं वर्षाचं अन्न भिजवणार होतं. मी जिवाच्या आकांताने ओरडले.

हे धावत आले आणि कपड्यांसकट पाण्यात उतरले. मैत्रिणीचे यजमान मातीची ढेकळं आणि गवत आणून देऊ लागले. पण आत ओढणाऱ्या पाण्यात काही टिकेना. एवढ्यात सासरे खळ्यावरून येताना दिसले. मला वाटलं ते तुडुमाकडे येतील. ते आमच्याकडे फिरकलेही नाहीत. खांद्यावरचं फावडं घेऊन ते सरळ पाटावर गेले, आमच्या बांधीपाशी थांबले, आणि त्यांनी पाटाची कड फोडली. निघालेल्या मातीनेच पुढचा पाट बांधून टाकला. सगळं पाणी आमच्या बांधीत वळलं. तिथे आमचा सगळा हलका धान कापून पडला होता. सासरे पाणी वाढताना बघत फावड्यावर रेलून उभे राहिले. भोक बंद व्हायला अर्धा तास गेला, आणि तोवर आमच्या धानाच्या पेंढ्या पाण्यात तरंगू लागल्या होत्या. आमच्या बांधीच्या खाली, दुसऱ्या कोणाच्याही बांधीत, थेंब पोचला नव्हता.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. मला रडू फुटलं. ते म्हणाले, "कायले रडून राहिली? पाणी सुटलं का कोणाचं ना कोणाचं भिजतेच. आपलं भिजलं. उद्या ऊन आहे." एवढं बोलून ते बैल सोडायला गेले.

माणूस असं काही करू शकतो, आणि केल्यावर बैल सोडायला जाऊ शकतो, हे मी त्याआधी बघितलं नव्हतं. पुण्यात मी पुष्कळ मोठी माणसं व्यासपीठावर बघितली होती. त्यांतल्या एकाचंही मला त्या संध्याकाळी नाव आठवेना.

सकाळी उजाडायच्या आत गाव आमच्या बांधीत उतरलं. कोणी बोलावलं नव्हतं. बायका, म्हातारे, ज्यांचा धान कोरडा राहिला होता ती सगळी घरं. ओल्या पेंढ्या डोक्यावरून पाळीवर नेऊन उन्हात उभ्या करायच्या होत्या. मैत्रिणीने साडी खोचली आणि रांगेत उभी राहिली. तिच्या पुढची म्हातारी म्हणाली, "पुण्याच्या बाईचा हात चांगला चालते व." कोणी मला एका शब्दाने बोललं नाही, आणि कोणी बोललं असतं तर बरं झालं असतं असं मला सारखं वाटत होतं.

मैत्रिणीचे यजमान सरळ मनाचे गृहस्थ. दुसऱ्या दिवशी निघायचं होतं, तेव्हा त्यांनी माझा बेत जसाच्या तसा पाळला. पेंढ्या उभ्या करता करता, पाळीवरच, यांना म्हणाले, "आमच्याकडे एक जागा आहे. अर्ज मी बरोबर आणलाय. तुमची सही झाली की काम झालं म्हणून समजा." मी चार हातांवर उभी होते. यांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. यांना सगळं कळलं. पत्र कोणी लिहिलं, चुना कशासाठी दिला, सगळं.

मला वाटलं हे चिडतील. यांनी चिडावं अशीच माझी इच्छा होती. हे म्हणाले, "आणा अर्ज." घरी जाऊन मैत्रिणीच्या यजमानांनी तो कागद आणि पेन आणलं. यांनी धोतराला हात पुसले, गुडघ्यावर कागद ठेवला, आणि न वाचता सही केली. मग माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, "तुले इथं करमत नाही, हे मले आधीच समजाले पायजे होतं." माझ्याशी हे कधी घरच्या बोलीत बोलत नसत.

तेव्हा मला दिसलं की काल बापाने जे केलं तेच लेक करत होता. पाणी माझ्या हाताने सुटलं होतं, आणि यांनी आपली बांधी फोडून ते आत घेतलं होतं. हा तलाव, ही शाळा, हे गाव, सगळं भिजू द्यायला हे तयार होते, आणि मला त्याबद्दल एक शब्द ऐकवणार नव्हते. माझ्यावर इतकं प्रेम कोणी करत असेल असं मला तोवर वाटलंच नव्हतं.

मी कागद यांच्या हातातून घेतला आणि टराटरा फाडला. "अहो, हे काय करता?" मैत्रिणीचे यजमान म्हणाले. मी म्हटलं, "मला नाही जायचं." हे म्हणाले, "पत्र तर तूच लिहिलंस." मी म्हटलं, "लिहिलं. तेव्हा मला काही माहीत नव्हतं." मैत्रीण रडायला लागली, मीही लागले, आणि हे दोघे पुरुष आता काय करावं ते न कळून पाळीवर नुसते उभे राहिले.

सासरे खालून सगळं बघत होते. त्यांना काय ऐकू गेलं, काय नाही, कोण जाणे. दोन वर्षांत त्यांनी मला घरात एक तांब्या उचलू दिला नव्हता. शहरातली पोर, परक्या मुलखात आलेली, म्हणून पाहुणीसारखी जपली होती. ते फावडं टेकून उभे राहिले आणि सगळ्या गावासमोर माझ्यावर ओरडले, "काऊन उभी आहेस व तिथं? ऊन जाऊन राहिलं. धान उचल!"

मी डोळे पुसले आणि धावत खाली उतरले.