ते गाणं आधी कुणी गायलं?

गेल्या महिन्यात मी एक वाद जिंकले... आणि तेव्हापासून घास गोड लागत नाहीये.

आमचा जुन्या गाण्यांचा एक ग्रुप आहे. महिन्यातून एकदा दादरला कुणाच्या तरी घरी जमायचं, जुन्या तबकड्या ऐकायच्या आणि भांडायचं. विषय कायम एकच, अमुक गाणं आधी कुणी रेकॉर्ड केलं? चांगली शिकलेली, बीपीच्या गोळ्या घेणारी माणसं यावरून आठ-आठ दिवस एकमेकांशी बोलत नाहीत. त्यात मीही आले.

तळकोकणातलं भातलावणीचं एक गाणं आहे. एका मोठ्या गायिकेनं ते रेडिओवर गायलं आणि घरोघरी पोचलं. पण तिच्याआधी कुणी गायलं होतं, यावर ग्रुपमध्ये तीन मतं होती. चौथं माझं... सुलभाकाकू.

सुलभाकाकू लालबागच्या चाळीतल्या आमच्या शेजारी. तरुणपणी कापडगिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायला होत्या. ते गाणं लागलं की हातातलं काम टाकून सांगायच्या, "ह्यां गाणां पयलां मी म्हटलंय!" अख्खी चाळ हसायची. त्यांचे यजमान तर पाहुण्यांसमोर टर उडवायचे. मीही हसलेय, खोटं कशाला बोलू?

तर गेल्या बैठकीला शीवचे प्रधान त्याच गाण्याची एक तबकडी घेऊन आले. वर एका शाहिरांचं नाव आणि खाली 'आणि पार्टी'. मागे गाणाऱ्यांची नावं तेव्हा कोण छापत होतं? पण आम्ही लोक छापील नावावर जात नाही, मधल्या गोल कागदाच्या कडेला तबकडीवरच कोरलेला रेकॉर्डिंगचा नंबर बघतो. तो नंबर त्या मोठ्या गायिकेच्या रेकॉर्डच्या बराच आधीचा निघाला.

सुई टेकवली आणि एका बाईचा आवाज आला. मोकळा, खणखणीत, शिकवलेला अजिबात नाही. मी उठून उभीच राहिले. म्हटलं, ह्या सुलभाकाकू! गौरीच्या फुगड्यांना लहानपणापासून ऐकलाय हा आवाज, शपथेवर सांगते.

प्रधानांनी मान डोलावली, मग सगळ्यांनीच. काकूंचा सत्कार करायचा, शाल-श्रीफळ द्यायचं, असं तिथल्या तिथे ठरलं. मला काय वाटलं सांगू? काकूंसाठी आनंद झालाच... पण त्याहून जास्त आनंद मी बरोबर ठरल्याचा झाला.

दुसऱ्या दिवशी लालबागला गेले. चाळीच्या जागी आता टॉवर आहे. काकू पंधराव्या मजल्यावर, खिडकीजवळच्या पलंगावर. वय चौऱ्याऐंशी, कंबर गेलेली. मी सगळं सांगितलं. म्हटलं, काकू, आता हसायची कुणाची टाप नाही! त्यांनी सुनेला हाक मारून आधी केस विंचरून घेतले. मग म्हणाल्या, "लाव."

बैठकीत मोबाइलवर करून घेतलेलं रेकॉर्डिंग मी लावलं. पहिल्या ओळीला काकूंचे डोळे मिटले, ओठ हलत होते. दुसऱ्या ओळीला ओठ थांबले. गाणं संपलं तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. मला वाटलं, भरून आलं असेल...

"ह्यो माझो आवाज नाय गो," त्या म्हणाल्या. "मालतीचो."

मालती त्यांच्याच खात्यातली, शेजारच्या मशीनवरची. रेकॉर्डिंगला दोघी गेल्या होत्या. गायली मालती. काकू मागे, साथीला. मालतीच्या नवऱ्याला कळलं की बायको परक्या पुरुषांबरोबर गाते. "घोवान मारल्यान आणि गावाक नेल्यान," काकू सांगत होत्या. वर्षाच्या आत ती गेल्याचीच खबर आली. कशानं गेली ते कुणी विचारलं नाही.

पुढे ते गाणं रेडिओवर वाजायला लागलं, दुसरीच्या नावानं. "माका वाटायचा, कोणीतरी सांगूक व्हया. मालतीचा नाव घेतलंय असतंय तर कोण ओळखतलो? म्हणान माझा घेतलंय. मगे माकाच खरा वाटूक लागला."

मी आडनाव विचारलं. आठवेना. गाव? मालवणाकडचं काहीतरी. "आम्ही मालतीच म्हणायचो गो..." एवढं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मी ग्रुपवर सगळं खरं लिहिलं. प्रधानांचा लगेच प्रश्न, "याला पुरावा काय?" दुसऱ्या एकांनी समजूत घातली, "ताई, शाल आणून झालीय. राहू दे काकूंचंच नाव, कुणाचं काय बिघडतंय?" मी नको ते बोलले आणि ग्रुप सोडला. काकूंनी सत्काराला साफ नकार दिलाच होता.

चार दिवसांनी त्यांच्या मुलाचा, उदयचा, फोन आला. "काय ऐकवलंस गं आईला? धड जेवत नाही, बोलत नाही. रेडिओ लावला तर बंद करायला लावते. तिच्याकडे तेवढं एकच होतं." आयुष्यभर लोकांनी हसून जे काढून घेतलं नव्हतं, ते मी त्यांच्या भल्यासाठी गेले आणि काढून घेतलं. मला राग येतो तो माझाच. परवा पुन्हा जाऊन आले, तर काकू झोपल्याचं सोंग घेऊन पडून राहिल्या.

म्हणून ही पोस्ट. तुमच्या घरात कुणी मालती होती का? आजी, मावशी, आत्या, कुणीही... लालबाग-परळच्या गिरणीत वाइंडिंगला होती, नवऱ्यानं गावी नेली आणि लवकर गेली? कदाचित घरात तिचा फोटोही नसेल. असेल तर कळवा, मी स्वतः येईन. वाद-बिद काही नको आता. ती कशी गायची, ते फक्त तुम्हाला ऐकवायचंय.