तीन पेट्या आणि एक रविवार

वाट बघणं मला जन्मात जमलेलं नाही. त्या शुक्रवारी कोथरूडकडच्या एका नव्या, काचेच्या इमारतीत मुलाखतीसाठी बसले होते आणि चुळबूळ करून करून शेजारच्या मुलीला वैताग आणला होता. ती शेवटी म्हणाली, "अगं, जरा पाणी तरी पिऊन ये." पाणी पिऊन झालं होतं. भिंतीवरचं सगळं वाचूनही झालं होतं.

नारायण पेठेतल्या माझ्या खोलीत कॉटखाली बॅग भरून ठेवलेली होती. बाबांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं: नोकरी लागली तर पुण्यात राहा, नाही लागली तर शनिवारच्या गाडीने यवतमाळला ये. रविवारी पाहुणे बघायला येणार होते. मुलगा चांगला, घर चांगलं, सगळंच चांगलं. त्या मुलाचा मी फोटोही पाहिला नव्हता, तरी मला त्याचा राग येत होता. ही नोकरी मिळाली की पाहुणे टळले, एवढं एकच गणित डोक्यात होतं.

तेव्हा दोन हजार साल उजाडलं की कॉम्प्युटर तारखांचा घोळ घालतील म्हणून सगळ्या कंपन्यांनी धास्ती घेतली होती, आणि त्यापायी कॉम्प्युटर शिकलेल्या आम्हा पोरापोरींना भाव आला होता. पण नोकरी देण्याआधी ही मंडळी कोडी घालायची. आमच्या अभ्यासिकेत त्यावरून एक रिवाजच पडला होता. जो आत जाऊन येईल त्याने बाहेरच्यांना कोडं सांगायचं. यात चोरी वगैरे कुणाला वाटत नसे. उलट जो सांगणार नाही तो नतद्रष्ट. असं होता होता सगळी कोडी सगळ्यांना तोंडपाठ झाली. आरती म्हणावी तशी आम्ही उत्तरं म्हणायचो.

त्या दिवशीही पहिला मुलगा बाहेर आला आणि हळूच म्हणाला, "पेट्या." बाकड्यावरचे सगळे चेहरे खुलले.

पेट्यांचं कोडं अगदी बाळबोध. तीन बंद पेट्या. एकीत सफरचंदं, एकीत संत्री, एकीत दोन्ही. प्रत्येकीवर चिठ्ठी आहे, पण तिन्ही चिठ्ठ्या चुकीच्या. एकाच पेटीतून, आत न बघता, एकच फळ काढायचं आणि तिन्हींत काय आहे ते सांगायचं. तर हात 'दोन्ही' लिहिलेल्या पेटीत घालायचा. चिठ्ठी खोटी, म्हणजे आत एकच प्रकार. संत्रं निघालं तर सगळी संत्रीच. मग 'सफरचंद' लिहिलेल्या पेटीत नुसती सफरचंदं असणार नाहीत आणि नुसती संत्री तर सापडली, म्हणजे तिच्यात दोन्ही. उरलेल्या पेटीत सफरचंदं. झालं.

माझ्या घरमालकीण काकूंना मी एकदा हे सांगितलं होतं. त्यांच्या स्वयंपाकघरात रव्याच्या डब्यात साखर आणि साखरेच्या डब्यात शेंगदाणे असत. त्या म्हणाल्या, "झाकण उघडून बघावं की. आणि डबे आपले नसतील तर हात घालू नये." विषय संपला.

माझा नंबर आला. आत दोन साहेब होते. एक नुसते लिहीत होते, दुसरे चष्म्यावरून बघत म्हणाले, "बसा आपण." मग पेट्या आल्या, सफरचंदं आली, संत्री आली. "तीन चिठ्ठ्यांपैकी एक बरोबर आहे, दोन चुकीच्या," ते म्हणाले, "फळ कुठल्या पेटीतून काढाल?"

"दोन्ही," एवढं मी बोलूनही गेले होते. मग भातात खडा लागावा तसं ते 'एक बरोबर' दाताखाली आलं. बाहेर कुणीच हे सांगितलं नव्हतं. कुणी ऐकलंच नसणार.

मी कागद मागून घेतला आणि पेट्या काढल्या. 'दोन्ही'मधून संत्रं निघालं असं धरलं. चिठ्ठी खरी असेल तर आत दोन्ही, खोटी असेल तर नुसती संत्री. ठरवणार कसं? ते खोडलं. 'संत्री'च्या पेटीतून संत्रं निघालं, तर चिठ्ठी खरी असेल किंवा आत दोन्ही असतील. सफरचंद निघालं, तर नुसती सफरचंदं असतील किंवा दोन्ही. 'सफरचंद'च्या पेटीचीही तीच गत. कुठेही हात घाला, दोन शक्यता उरायच्याच. माझं काहीतरी चुकतंय म्हणून पुन्हा मांडलं. पुन्हा तेच.

"आधीच्या सगळ्यांनी लगेच सांगितलं," साहेब म्हणाले. "आपण बराच वेळ घेताय."

मला कॉटखालची बॅग दिसायला लागली. मुलाखतीत 'येत नाही' म्हणणं म्हणजे आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणं. पण कागदावर तर तेच होतं.

"एका फळात होत नाही, सर. सांगता येत नाही."

"सांगता येत नाही, की तुम्हाला सांगता येत नाही?"

"कुणालाच येत नाही," मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला. "हे बघा." मी कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि एकेक पेटी तावातावाने समजावून दिली. त्यांनी ऐकून घेतलं, मग लिहिणाऱ्या साहेबांकडे बघून म्हणाले, "चला, प्रश्न ऐकणारं एक जण तरी भेटलं."

संध्याकाळी एका बाईंनी बाहेर येऊन बाकीच्यांना 'कळवू' म्हणून सांगितलं आणि मला थांबवून घेतलं.

नोकरी लागली. बसची वाट बघवेना म्हणून चालतच पेठेत आले आणि तडक एसटीडी बूथमध्ये शिरले.

"बाबा, झालं. लागली."

बाबांनी आईला हाक मारून सांगितलं. तिचं हसू मला इकडे ऐकू आलं. मग ते म्हणाले, "मग आता तं रविवारी आलीच पाहिजे बाई तू. नोकरीवाली पोरगी म्हटल्यावर पाहुणे नाही कायले म्हणतीन?"

"पण नोकरी लागली तर यायचं नाही असं ठरलं होतं आपलं."

"पुण्यात राहा म्हटलं होतं. पाहुणे येणार नाही असं कुठं म्हटलं? पोरगा बी पुण्यालेच बदली मागून राहिला."

मी आठवून पाहिलं. खरंच म्हटलं नव्हतं. तेवढं मीच माझ्या मनाने धरून चालले होते, आणि तासाभरापूर्वी बाकड्यावरच्या पोरांना मनातल्या मनात हसत आले होते. स्वतःचा इतका संताप आला की फोन आपटावासा वाटला.

"एक डाव पाहून तं घे," बाबा म्हणाले. "एका भेटीत समजते सारं."

"नाही समजत, बाबा. एका भेटीत काहीच सांगता येत नाही."

"अन् मंग तुह्या मायचं न् माहं कसं झालं?"

"ते आईला विचारा."

बूथमधल्या मीटरवरचा आकडा पुढे सरकला.

"मी येत नाही," मी म्हणाले.

"नोकरी लागली म्हणून बोलून राहिली तू हे."

"नाही. लागली नसती तरी आले नसते."

मग त्यांनी विचारलं, "जेवली काय?"

"नाही अजून."

"जेवून घे," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

खोलीवर आले आणि आधी कॉटखालची बॅग ओढून उघडली. सगळ्यात वर आईची मोरपंखी साडी होती. मीच ती आदल्या दिवशी रविवारसाठी इस्त्री करून, पदराच्या चुण्यांना पिना लावून ठेवली होती.