आत्याच्या ज्वारीचं पेव

आजोबांनी विधवा लेकीच्या, म्हणजे माझ्या आत्याच्या, पोटासाठी एक शेत वेगळं काढून ठेवलं होतं. तिच्या नावावर केलं तर सासरचे गिळतील, म्हणून ते वडिलांच्या हाती सोपवलं. कसायचं वडिलांनी, पीक आत्याचं, आणि वडिलांच्या मागे थोरल्या मुलाने सांभाळायचं. हे सगळं लिहिलेला निजामाच्या राज्यातला उर्दू कागद वडील गेल्यावर थोरला म्हणून माझ्याकडे आला. पोलीस ॲक्शनच्या आठदहा वर्षं आधीची ही गोष्ट. मला उर्दूचं अक्षर येत नव्हतं, ऐट मात्र जहागीरदाराची होती.

हिंगोलीच्या वकीलसाहेबांनी ती पहिल्याच भेटीत उतरवली. "तुमी मालक न्हाई, अमानतदार. दुसऱ्याची ठेव सांभाळणारे," ते म्हणाले. त्यांची रीत तऱ्हेवाईक होती. सल्ला द्यायचे आणि पानाला चुना लावत म्हणायचे, "आता तुमी मला सांगा." अशील नुसती मान हलवतं आणि घरी जाऊन विसरतं, त्यावर हा इलाज. मी चारदा चुकलो, चारदा त्यांनी म्हणवून घेतलं. सरकारी कागदावर नाव अमानतदार म्हणूनच लावायचं. आत्याने विचारलं की सगळं दाखवायचं. आणि तिचं पीक आपल्या पिकात मिसळायचं नाही. इतका सोशिक माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एवढं पाठ करून आलेल्या शहाण्याने पहिल्याच सुगीत काय करावं? आमच्याकडे ज्वारी जमिनीखालच्या पेवात भरत. खड्डा खणायचा, आतून कडबा लावायचा, तोंड मातीने लिंपायचं. एका घराला दोन पेवं कशाला, म्हणून मी आत्याची रास आमच्याच पेवात ओतली. लागेल तशी काढून देऊ, घरचंच तर आहे!

धाकट्या भावाने नेमकं तेच धरलं. वाटणी मागताना त्याने आत्याच्या शेतातही निम्मा हिस्सा मागितला. "पेव एक, तर शेत बी एकच," म्हणाला आणि हिंगोलीला मुन्सिफाच्या कोर्टात अर्ज देऊन आला. शेत गेलं असतं तर आत्याला म्हातारपणी भाच्यांच्या दारी हात पसरावा लागला असता, आणि तोही माझ्या आळसापायी.

वकीलसाहेब रागावले नाहीत. "त्यात तुमची किती, तिची किती, दाखवता येते?"

"न्हाई."

"मग सगळी तिची. ज्यानं मिसळली, त्यानं आपली वेगळी दाखवावी. न्हाई दाखवली तर गेली. आता तुमी मला सांगा."

मी ते शब्दाशब्दाने म्हणून दाखवलं. माझ्या आणि भावाच्या, दोन्ही चुलींची ती वर्षाची भाकरी होती.

सगळी ज्वारी आत्याला द्यायची म्हणून गावासमोर पेव उघडलं. भाऊ तणतणला, पण घरातला कर्ता मी होतो. कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत सगळे काठावर थांबलो. आत्या 'एवढी नको' म्हणेल, अशी मला आशा होती. खोटं कशाला बोलू? तिने शेवटचं पोतंसुद्धा गाडीत घालून आपल्या घरी नेलं. मी दोन दिवस धुमसत होतो.

आठवड्याने, जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारादिवशी, तीच गाडी आमच्या दारात उभी राहिली. आत्याने एक पोतं माझ्या ओसरीवर उतरवलं, एक भावाच्या.

"आत्या, ही तर तुझी हाय," मी म्हणालो.

"व्हय, माझी हाय, म्हणूनच देऊन राहिले. तुमची असती तर मी कशी दिली असती?"

पुढे ज्वारी संपत आली की गाडी यायची. भाऊ महिनाभर मुकाट्याने जेवला. मग एके दिवशी हातातली भाकरी ताटात ठेवून म्हणाला, "तिच्या हातचं घेऊन खातो, अन् शेत माझं म्हणतो. कोणत्या तोंडानं?" दुसऱ्या दिवशी स्वतः हिंगोलीला जाऊन त्याने अर्ज मागे घेतला.

मी वकीलसाहेबांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी हातातलं पान खाली ठेवलं. "बाई काय म्हणाल्या? बराबर त्यांच्याच शब्दांत सांगा."

मी सांगितलं. मग एवढा मोठा तो वकील, माझ्यासमोर ताठ बसून, आत्याचं वाक्य हळूहळू म्हणू लागला. दोनदा चुकला. मी दोन्ही वेळा दुरुस्त केलं.