म्हैस का पळाली

"काका, ओठ मागं राहायलेत," अमेय म्हणाला.

स्क्रीनवर सिद्धार्थ रॅप करत होता. गाण्यातली ओळ संपली तरी त्याचं तोंड चालूच. गाणं पुढे, गडी मागे.

शाहूपुरीत माझा लग्नाच्या व्हिडिओंच्या मिक्सिंगचा धंदा. मिक्सिंग म्हणजे नको ते कापायचं, वर गाणं चढवायचं आणि नवरा-नवरीभोवती बदाम फिरवायचे. तेव्हा घरोघरी हॅंडीकॅम यायला लागले होते. कॉलेजची ही दोन पोरं गॅदरिंगसाठी स्वतः केलेला रॅपचा व्हिडिओ घेऊन आली. अमेय डायरेक्टर, सिद्धार्थ गायक. आल्या आल्या अट घातली, "बदाम न्हाय पाहिजेत."

अमेयनं टेक्निक भरपूर वापरलं होतं. कॅमेरा तिरका धरलेला. चेहरे फुगीर दिसावेत म्हणून घराच्या दारातलं भिंग काढून लेन्सपुढे चिकटवलेलं. त्याच्या आईनं त्या भोकात कापडाचा बोळा कोंबला होता म्हणे. एवढं सगळं करून लिप-सिंक, म्हणजे ओठ आणि आवाजाचा मेळ, मात्र बसत नव्हता.

"शूटिंगला गाणं कशावर लावलं होतं?"

"टेपवर. मुडशिंगीच्या रानात लाइट कुठली?" सिद्धार्थ म्हणाला.

"सेल नवे होते?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"आबांच्या बॅटरीतलं होतं," सिद्धार्थ म्हणाला. " उतरलं की उन्हात ठेवत होतो. परत चालत होतं की!"

उन्हात ठेवलेल्या सेलला तात्पुरती धुगधुगी येते. मग टेप पुन्हा मंदावते. गाणं संथ, म्हणून हा संथ गायलेला. प्रत्येक शॉटचा वेग वेगळा.

"आवाज जाड यायला लागल्यावर तरी कळायला नको?"

"आम्हाला वाटलं, बेस वाढलाय," अमेय म्हणाला.

इलाज एकच होता. ओठ जुळेपर्यंत प्रत्येक शॉट पळवायचा. तसं केलं. ओठ जुळले, पण मागचं जगही पळायला लागलं. शेवटच्या शॉटमध्ये तर सिद्धार्थच्या मागून बांधावरची म्हैस शर्यतीला सोडल्यासारखी गेली.

अमेय खो खो हसला. सिद्धार्थचा चेहरा उतरला.

"काका, लोक हसतील."

"हसू देत की."

"न्हाय ओ. आबा येणार हायत. म्हणालेत, लोकं हसली तर हे थोतांड बंद करायचं आन् मामाच्या वर्कशॉपला जायचं."

आबा म्हणजे त्याचे वडील, एसटीत कंडक्टर. बोलले की बोलले. मला पोराची दया आली. पुन्हा शूटिंग करायला वेळ नव्हता, गॅदरिंग दुसऱ्याच दिवशी. मग धंद्यातली युक्ती काढली. वेगाचा धक्का सगळीकडेच दिला. मधेच झटकन थांबवलं, मधले तुकडे उडवले, पुन्हा पळवलं. एके ठिकाणी दिसते ती चूक, सगळीकडे दिसते ती स्टाइल. म्हैस काढता येईना, ती कायम सिद्धार्थच्या खांद्यामागे.

गॅदरिंगला मीही गेलो. परीक्षक म्हणून आलेले एक गृहस्थ मान डोलावत होते. शेवटचा शॉट आला. म्हैस सुसाट गेली. मग पुढच्या रांगेतून गडगडाटी हसू आलं आणि त्यापाठोपाठ सगळा हॉल हसला, शिट्ट्या वाजल्या. स्टेजच्या कडेला सिद्धार्थ डोळे मिटून उभा होता.

सगळ्यांत आधी हसलेला माणूस खाकी कपड्यात होता. ड्यूटीवरून थेट आलेला.

परीक्षक म्हणाले, वेगाच्या या प्रयोगातून तरुण पिढीची अस्वस्थता व्यक्त होते. त्यांनी पहिला नंबर दिला. अस्वस्थता सेलची होती हे सांगायला मी स्टेजवर गेलो नाही.

पुढच्या लग्नसराईत गिऱ्हाइकं माझ्याकडे "तसली पळणारी वरात" मागू लागली. मी देत राहिलो.

आणि एका दुपारी आबा स्वतः दुकानात आले.

"पावणं, पोरगं घरात तांब्या उचलायला तास लावतंय. तुम्ही पळवलंसा." हसू दाबत ते पुढे म्हणाले, "त्यातलं एक अक्षर कळलं न्हाय बघा. पण पुढचं गाणं करतोय म्हणतंय, तर करू दे."

"या वेळी नवे सेल घ्यायला सांगा त्याला."

"नवं कशाला?" आबा म्हणाले. "जुनंच दिल्यात. सकाळपासनं पत्र्यावर उन्हाला ठेवल्यात."