पाहुणा शिव्या देईना

धामणकर नाक्यावर गाडी अडकली आणि बरोब्बर काचेसमोर आमच्याच पाहुण्याचा फोटो. फ्लेक्सवर. दोन मजली उंच. खाली लिहिलेलं, 'ऑस्ट्रेलियाचे उद्योगरत्न मा. ब्रेटशेठ यांचे भिवंडी नगरीत हार्दिक स्वागत'. भोवती स्वागतोत्सुकांची मुंडकी. त्यात आमचे मालक जनार्दनशेठ गॉगल लावून सगळ्यात मोठे. कोपऱ्यात मीही होतो, पोस्टाच्या तिकिटाएवढा.

फोटो फेसबुकवरून उचललेला. मूळ फोटोत ब्रेट अनवाणी, हाफ चड्डीत, हातात मासा धरून उभा. फ्लेक्सवाल्याला उघडं डोकं अशुभ वाटलं असावं. त्याने फेटा बांधला. गळ्यात साखळी घातली. मासा तेवढा राहू दिला.

त्या दिवशीचं ट्रॅफिक असं होतं, की शेजारच्या शेअर रिक्षात बसलेल्या दोन कुटुंबांची सोयरीक जुळून तिथेच साखरपुडा उरकला असता. रिक्षावाले वर फ्लेक्सकडे बघत, मग आमच्या गाडीत डोकावत आणि ओरडत, "अरे, ये तो वोही है! मछलीवाला!"

ब्रेट कानापर्यंत लाल झाला. मग मागे वळून मला म्हणाला, "व्हेरी काइंड ऑफ यू, मिस्टर सावंत."

लक्षण वाईट होतं. का, ते सांगतो.

मी मर्चंडायझर. म्हणजे परदेशातलं गिऱ्हाईक आणि इथला कारखाना यांच्यामधला पूल. पुलावरून दोन्हीकडची माणसं जातात आणि दोन्हीकडची माणसं त्यावर थुंकतात. ब्रेट आमच्याकडून एप्रनचं कापड घ्यायचा. छोट्या ऑर्डरी, पण फोन रोजचा. त्या फोनवर मी ऑस्ट्रेलिया शिकलो. तिथे दुपारला 'आर्वो' म्हणतात, न्याहारीला 'ब्रेकी', पेट्रोल पंपाला 'सर्व्हो' आणि चहाच्या सुट्टीला 'स्मोको'. अख्खा शब्द उच्चारायचा त्यांना कंटाळा. तिकडे माश्या फार, तोंड जास्त वेळ उघडं ठेवलं तर आत जातात, असं माझं संशोधन आहे.

पण खरा धडा वेगळा. हा माणूस फोन उचलला की आधी शिवी घालायचा. "अजून जिवंत आहेस का रे, म्हाताऱ्या बगर?" अशी सुरुवात. पहिल्यांदा मी फोन ठेवून दिला होता. नंतर कळलं, त्यांच्यात जवळच्याला शिवी आणि परक्याला सभ्यता. ज्याच्याशी फार गोड बोलतात, त्याच्याशी संबंध संपलेले असतात. आणि आता माझा ब्रेट, माझा रोजचा शिव्या घालणारा ब्रेट, मला 'मिस्टर सावंत' म्हणाला होता.

तो आला होता मोठ्या ऑर्डरसाठी. त्याला स्वॅगचं कॅनव्हास हवं होतं. स्वॅग म्हणजे आपल्या होल्डॉलचा थोरला भाऊ. जाड कॅनव्हासची वळकटी, आतच गादी. उघड्या माळावर पसरायची, आत शिरायचं, चेन लावायची. पाऊस बाहेर, माणूस आत. नारपोलीतल्या आमच्या शेडमधले अर्धे लूम बंद होते. शेठ मला स्पष्ट म्हणाले होते, "सावंत, ही ऑर्डर आली तर बरा. न्हाय तर लूम भंगारान आन शेडीचा गोदाम. पडघ्याच्या गोदामांना भाडा बघ कसा येतंय. बसून खातंय मी."

गोदामाला मर्चंडायझर लागत नाही, वॉचमन लागतो. आणि वॉचमन व्हायला माझी उंची कमी पडते.

आता गाडीत कोण कुठे बसलं होतं, ते बघा. पुढे पुष्कळ त्यावरच घडलं. ऑस्ट्रेलियन माणूस एकटा असला की टॅक्सीत ड्रायव्हरशेजारी बसतो. मागे बसणं म्हणजे ड्रायव्हरला नोकर समजणं. तसा ब्रेट विमानतळावरच पुढचं दार उघडून आमच्या अन्सारभाईंच्या शेजारी बसला होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी ठाण्यापर्यंत क्रिकेटवरून भांडणही झालं. मागच्या सीटवर, गादीला टेकून, एकटा मी.

शेडच्या गेटवर गाडी थांबली. बँडवाल्यांनी धडाका लावला. शेठ स्वतः पुढे आले, रिवाजाप्रमाणे मागचं दार उघडलं आणि डोळे मिटून, वाकून, मोटारीच्या टायरएवढा हार घातला. माझ्या गळ्यात. वरून माझ्यावर फुलं पडली. कुणीतरी माझ्या तोंडात पेढाही कोंबला, त्यामुळे मला बोलता येईना. शेठनी डोळे उघडले.

"तू? मंग ह्यो कोन?"

'ह्यो' अन्सारभाईंच्या बाजूने उतरून आपली बॅग स्वतःच काढत होता. शेठनी हार माझ्या गळ्यातून ओढून त्याच्या गळ्यात घातला. उष्टा हार. ब्रेट म्हणाला, "थँक यू. हाऊ लव्हली."

मी मनातल्या मनात पहिला लूम भंगारात काढला.

अशा वेळी शहाण्या माणसाने गप्प बसावं. ऑस्ट्रेलियात स्वतःची स्तुती म्हणजे चारचौघांत नाक शिंकरणं. जे रोप उंच वाढतं त्याची मुंडी छाटायची, ही तिकडची रीत. मला ती पाठ होती. पण जिभेला कोण सांगणार? शेडमध्ये शिरताच मी सुरू झालो. आमच्या कॅनव्हासचा तंबू एकदा हत्तीने ओढला, हत्तीचा दात हलला, तंबू जसाच्या तसा. आमच्या कापडात पाणी ओतलं तर ते शरमून परत फिरतं. शेठनीही भर घातली की भिवंडीत आमच्यासारखं कापड कुणी विणलं तर मिशी काढून देतो.

ब्रेट ऐकत होता. प्रत्येक वाक्याला "व्हेरी इंप्रेसिव्ह." चौथ्या इंप्रेसिव्हला त्याने घड्याळ पाहिलं.

शेठनी जेवणाची सोय हायवेवरच्या मोठ्या हॉटेलात केली होती. पण रस्ता तसाच तुंबलेला. मग नाइलाजाने शेडमागच्या घरात पानं वाढली. तिथे शेठची थोरली बहीण राहते, हिराबाय. खाडीकाठचं माणूस. मासळी नजरेने तोलते आणि माणूसही. शेठ जगाला घाबरत नाहीत, हिराबायला घाबरतात.

तांदळाच्या भाकऱ्या, निवट्यांचं कालवण. निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा. ब्रेट मांडी घालायचा प्रयत्न करत बसला. हिराबायने त्याला नखशिखांत न्याहाळलं.

"हाच का र नाक्यावरचा?"

"हो बाय. हळू बोल, पावना हाय."

"मंग मी काय त्याला खातंय? येवढा मोठा बोरड लावलाव, आन हातान मासा येवढासा? आमची मांजर हुंगून सोडील त्याला."

ब्रेटने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाल्या त्या?"

शेठनी घाईघाईने उत्तर दिलं, "शी सेज वेलकम."

ब्रेटने नुसती मान हलवली. त्याला ते पटलं नव्हतं, आणि चेहऱ्यावर तेच सभ्य हसू परत आलं. ते हसू बघून मला बंद पडलेले लूम दिसले, शेडच्या दारावर गोदामाचं शटर दिसलं, शटरबाहेर स्टुलावर बसलेला मी दिसलो. म्हटलं, बुडायचंच तर खरं बोलून बुडू. सवय नव्हती, पण केलं.

"त्या म्हणाल्या, फोटो एवढा मोठा आणि मासा एवढुसा. त्यांची मांजर तो खाणार नाही."

शेठनी कपाळावर हात मारला. ब्रेटच्या हातातला घास तिथेच थांबला.

मग तो जो हसला! घरावरचे पत्रे थरथरले. बाहेर बँडवाले डबे उघडून बसले होते, त्यांना वाटलं परत वाजवायची सूचना आली. त्यांनी एक कडवं वाजवलंसुद्धा.

"त्यांना सांग," ब्रेट डोळे पुसत म्हणाला, "मासा मोठा होता. फोटो काढणारा माझा मेव्हणा गाढव आहे."

मी सांगितलं. हिराबाय म्हणाली, "गल टाकनारा समदा असाच बोलतंय. मासा मोठा, मेवना गाढव." आणि त्याच्या पानात आणखी कालवण वाढलं. मग भावाकडे हात केला. "आन ह्याचा ऐकू नको तू. ह्यो ल्हानपनी खाडीन परला व्हता. ह्याचा तोंड बघून जी मासली पलाली, ती अजून आली न्हाय."

"बाय!" शेठ ओरडले.

मी तेही सांगितलं. आता मला चटकच लागली होती. ब्रेटने शेठकडे नीट बघितलं, डावीकडून, मग उजवीकडून. म्हणाला, मासळीचा काही दोष नाही, तिच्या जागी मी असतो तर मीही पळालो असतो, यू अग्ली ओल्ड बगर.

शेठना इंग्रजी बेताचं येतं. पण शिवी कुठल्याही भाषेतली असो, माणसाला कळते. त्यांच्या कानशिलाची शीर उडायला लागली.

"सावंत. ह्यो मना शिवी देतंय?"

"देतोय शेठ! देतोय!" मी उभाच राहिलो. "पेढे मागवा!"

"तुजा डोका फिरला काय र?"

"अहो, सकाळपासून हा सर-सर, थँक्यू-थँक्यू करत होता. म्हणजे ऑर्डर चालली होती. आता शिवी आली. म्हणजे घरात आला!"

शेठनी विचार केला. "आन मी परत दिली तर?"

"तर सख्खा झाला."

शेठनी खोल श्वास घेतला. सकाळपासून सूट, टाय आणि 'वेलकम सर' यांच्याखाली दाबलेला अस्सल आगरी माणूस बाहेर आला. "जल्ला तुजा थोबाड! लाल भोपल्या!"

याचं भाषांतर मी केलं नाही. गरज पडली नाही. ब्रेटने शेठच्या पाठीवर अशी थाप मारली, की गॉगल कालवणात पडला.

जेवण झाल्यावर ब्रेट आपलं ताट घेऊन मोरीकडे गेला आणि घासायला बसला. तिकडे पाहुणाही जेवलेलं ताट उचलतो, धुतो. हिराबाय दारातून म्हणाली, "जनू, बघ. शिक." शेठ आयुष्यात पहिल्यांदा आपलं ताट उचलून मोरीपर्यंत गेले. पुढे काय करायचं ते माहीत नसल्यामुळे तिथेच उभे राहिले.

परत शेडमध्ये आलो. ब्रेटचा सूर बदललेला. "हत्ती पुरे, मेट. या कापडात खोट काय आहे, ते सांग."

मी सांगितलं. लूम जुने आहेत. लाइट गेली की मशीन थांबतं, परत सुरू होताना कापडात आडवी रेघ उमटते. आम्ही तिला पट्टी म्हणतो. पट्टीचा तुकडा आम्ही कापून बाजूला काढतो, पण भिवंडीत लाइट जाणारच नाही असं मी लिहून देऊ शकत नाही. एवढं खरं एका दमात मी लग्नाच्या बैठकीतही बोललो नव्हतो.

ब्रेटने सोबत आणलेला स्वॅग फरशीवर पसरला. आमच्याच सॅम्पल कापडाचा शिवून आणलेला. मग माझ्याकडे बोट दाखवलं. "हत्ती मिळत नाही. तू शीर."

मी शिरलो. चेन लागली. आत काळोख, नव्या कॅनव्हासचा वास, आणि बाहेर दोन माणसं बादल्या भरत असल्याचा आनंदी आवाज. त्यातला मोठा आवाज शेठचा. माझ्यावर पाणी पडायला लागलं. ते किती होतं? मागच्या पुरात नदीला जेवढं आलं, त्याहून थोडं जास्त. शेठनी तर वर्षानुवर्षांचे पगार वसूल करून घेतले.

"ड्राय?" बाहेरून ब्रेट.

एक क्षण जीभ वळवळली, की सांगावं, इथे आत धूळ उडतेय. पण नको म्हटलं. "डावा मोजा ओला आहे. शिवणीतून आलं."

कॅनव्हासवरून कुणीतरी हात फिरवला. पायाकडची शिवण चाचपली, कापड ताणून बघितलं. मग ब्रेटचा आवाज आला, "नॉट बॅड."

चेन उघडली तेव्हा शेठचा चेहरा पडलेला. "येवढा पानी वतला, आन नुसता नॉट बॅड? म्हंजी ठीकठाक?"

"शेठ," मी भिजलेला मोजा पिळत म्हणालो, "ते लोक स्वतःच्या लग्नात बायकोकडे बघून नॉट बॅड म्हणतात. याच्या वर त्यांच्याकडे शब्द नाही."

ब्रेट मला म्हणाला, "शिवण माझी, ती मी बघतो. कापड तुझं चालेल. पण तो फ्लेक्स उतरवायचा आणि तुझा हार तू परत घ्यायचा, यू गलाह." गलाह हा तिकडचा गुलाबी काकाकुवा. दिवसभर कलकलाट करतो आणि डोक्यात काही नसतं. मला इतकं अचूक आजवर कुणी ओळखलं नव्हतं.

ऑर्डर आली. लूम भंगारात गेले नाहीत. शेडमध्ये आता चहाच्या वेळी कारागीर ओरडतात, "चलो, स्मोको!" फ्लेक्स उतरवला, पण त्याचं कापड हिराबायने मागून घेतलं. तिच्या ओट्यावर पावसाळ्यात तेच बांधलेलं असतं. मासा दर्शनी बाजूला.

मध्ये एकदा घात झाला. ब्रेटच्या ऑफिसातून मेल आली, 'डिअर मिस्टर सावंत, वी थँक यू फॉर युवर व्हॅल्युड सपोर्ट.' मी ती शेठना वाचून दाखवली. शेठनी गोदामाचं कोटेशन कपाटातून बाहेर काढलं. अन्सारभाईंनी नमाजात खास दुआ मागितली. शेवटी धीर करून फोन लावला. पलीकडून आवाज आला, "ती नवीन पोरीने पाठवली रे, गाढवा. मेला नाहीस ना अजून?"

शेठना फोन स्पीकरवर ऐकवला. त्यांनी कोटेशन परत कपाटात ठेवलं आणि चहा सांगितला.

एवढ्या वर्षांच्या धंद्यात एकच गोष्ट शिकलो, ती फुकट देतो. गिऱ्हाईक गोड बोलायला लागलं, की माल परत तपासा. शिव्या घालतंय तोवर निवांत झोपा. कोरडा मोजा घालून.