किल्ली काकाजींच्या कनवटीला

घरांच्या किल्ल्या जमतात, तिथे किस्सेही जमतात. आमच्या वरठीच्या ऑफिसात किल्ल्यांचा एक ड्रॉवर आहे. किल्ल्या ज्याच्या त्याला जातात, किस्से मात्र तिथेच राहतात. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही तेच काढून बसतो.

आम्ही म्हणजे नारायणभाऊ आणि मी. भाऊ घरं विकून देतात, भाड्यानं लावून देतात. माझं काम ताब्याचं. सोबत जायचं, खोल्या रिकाम्या आहेत ना ते बघायचं, जुनं कुलूप काढून नव्या मालकाचं लावायचं, ताबापावतीवर सह्या घ्यायच्या. भाऊ म्हणतात, "रजिस्ट्री म्हंजे लग्न, ताबा म्हंजे माप ओलांडनं. नवरी मांडवातच बसून राहिली तं संसार कसा होईन जी?"

आणि माझीच नवरी मांडवात बसलेली! जन्मभर भाड्याच्या खोलीत काढून मी दौलतकाकाजींचं दोन खोल्यांचं घर घेतलं. रजिस्ट्री झाली. काकाजींचा मुलगा सामान घेऊन नव्या घरी गेला. पण किल्ली काकाजींच्या कनवटीला! रोज सकाळी सायकलवर यायचे आणि जुन्या घराच्या छपरीत, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, बसायचे. मी गेले की मडक्यातलं पाणी द्यायचे. "या बाई, बसा जी. पानी घ्या."

पाणी प्यायल्यावर किल्ली कशी मागायची? मागितलीच तर, "धान निघू द्या, मंग देतो." धान निघालं. "दिवाळी होऊ द्या." दिवाळीही झाली. इकडे माझा घरमालक म्हणतो, महिनाअखेर खोली खाली करा!

भाऊ हसायचे. "वा वनिताबाई! गावाले ताबा वाटता, आन् सोताच्या घरी पाहुण्या! देऊ का वकिलाची नोटीस?"

"नको जी," मी म्हणायचे. "म्हातारा मानूस हाय."

*

सानगडीला एका घराचा ताबा द्यायला गेले. सगळं रिकामं, फक्त कोपऱ्यात टोपल्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली. विकणारा म्हणाला, "पिल्लं निघंपर्यंत तिले हलवता येत नाई. तवर ताबा थांबवा."

घेणारी बाई शांतपणे आपलं कुलूप काढत म्हणाली, "बसू द्या की! आजपासून ते माही भाडेकरू. भाडं पिल्लात घेईन!"

कोंबडी त्याच दिवशी टोपल्यासकट गेली.

*

आंधळगावात घर विकलेली बाई रोज सकाळी तुळशीला पाणी घालायला परत यायची. "घर देल्लं, तुळस नाई देल्ली," म्हणायची. येता-जाता घरभर नजर, चूल इथं काहून मांडली, पाट तिथं काहून ठेवला!

नवी मालकीण एकदाही चिडली नाही. "येत जा ना बाई," ती म्हणाली. "येतच आहा तं माहे दोन हंडेबी भरून देत जा."

तिसऱ्या दिवशी तुळस कुंडीत बसून नव्या घरी गेली!

*

स्टेशनजवळच्या एका खोलीत कारखान्यातली तीन पोरं भाड्यानं राहायची. मालकाला त्यांना काढायचं होतं. भाऊंनी सांगितलं, "करार चालू हाय, असं कुलूप ठोकता येत नाई. कायद्यात बसत नाई." पण ऐकतो कोण! पोरं कामावर गेली की आपलं कुलूप लावायचं म्हणून मालक निघाले.

सकाळी गेले तर एक नाइट करून आलेला. दुपारी गेले तर दुसरा. संध्याकाळी तिसरा. तिघांच्या तीन शिफ्टा, खोली कधी रिकामीच नाही! आणि प्रत्येकानं, "या मालक, बसा," म्हणून चहा पाजलेला.

मालक आमच्याकडे आले आणि कुलूप टेबलावर आपटून म्हणाले, "त्यायच्या हातचा चाय पिऊन कुलूप कसा लावू? मालक मी, आन् पाहुनाबी मीच!"

पोरं अजून तिथेच आहेत. कुलूप आमच्या ड्रॉवरमध्ये पडलं आहे.

*

त्या कुलपाकडे मी बराच वेळ बघत बसले होते. दुसऱ्या दिवशी उजाडताच उठले. कोरं मडकं पाण्यानं भरलं, स्टीलचा गिलास घेतला आणि काकाजी यायच्या आत छपरीत जाऊन बसले. त्यांचं मडकं बाजूला सरकवलं, तिथं माझं ठेवलं. अंगण झाडलं, सडा टाकला.

काकाजींची सायकल आली. मी उठून उभी राहिले.

"या काकाजी, बसा जी. पानी घ्या."

त्यांनी सवयीनं चपला काढल्या, बसले, गिलास घेतला आणि घटाघटा पाणी प्यायले. मग गिलास खाली ठेवला. सड्याकडे बघितलं. मडक्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

मिशीवरचं पाणी पुसलं. मग मिशीतल्या मिशीत हसले.

"पानी झालं. चाय काहून नाई मांडत, मालकीनबाई?"

मी म्हटलं, "चूल आतमंधी हाय, काकाजी."

त्यांचा हात कनवटीकडे गेला. रिकाम्या गिलासात किल्ली वाजली.