पुसलेल्या शेंगा

ईस्ट टामाकीला गोदामांच्या ओळीत एक छोटा गाळा होता. बाहेर निळी पाटी, पाटीवर नारळाचं झाड आणि त्याखाली एका देशाचं नाव. देश पॅसिफिक समुद्रातला, आणि इतका लहान की माझ्या नवऱ्याने नकाशात शोधला तेव्हा त्याला चष्मा लावूनही नुसतं नाव दिसलं, जमीन दिसलीच नाही. त्या देशाचं न्यूझीलंडमधलं ऑफिस म्हणजे तो गाळा, आणि ते चालवणारी एकच बाई. मी तिच्याकडे व्हॅनिलाच्या शेंगा निवडायला जात असे.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. नवरा वेल्डर, त्याच भागातल्या कारखान्यात कामाला. त्याची पाळी दुपारची. मी सकाळी निघाले की तो झोपलेला, तो घरी आला की मी झोपलेली. मूलबाळ नाही. मराठी मंडळींच्या कार्यक्रमाला एकदोनदा गेले. सगळ्या बायका शिकलेल्या, पुण्या-मुंबईच्या, बोलायला चांगल्या होत्या. पण "तुम्ही काय केलंय?" असं कोणी विचारलं की मला "चौथी" म्हणवत नसे. मग मी जाणंच सोडलं. आठवड्यात माझ्याशी दोन वाक्यं सलग बोलणारं माणूस म्हणजे ही बाईच.

ती माझ्याच वयाची, अंगाने भरलेली, कानात फूल घालणारी. मी तिला मॅडम म्हटलं की हसायची. "मॅडम कोण? इथे झाडू पण मीच मारते." मला ती सिस म्हणायची, म्हणजे बहीण. ती हळू इंग्रजी बोलायची, हातांनी दाखवायची. मला सत्तर टक्के समजायचं, बाकीचं मी मान हलवून ढकलायचे.

तिचं काम म्हणजे आपला देश लोकांच्या लक्षात आणून देणं. प्रवासी मिळवायचे, शेंगा आणि खोबरेल खपवायचं, आणि वादळ झालं की मदत मागायची. एकदा तिने सरकारी माणसांना दाखवायचे फोटो टेबलावर मांडले होते: उडालेले पत्रे, रडणारी म्हातारी. शेजारीच प्रवाशांसाठीची रंगीत पत्रकं, त्यात निळं पाणी. मी दोन्हींकडे बघत राहिले. ती म्हणाली, "काय करणार सिस? सोमवारी आम्ही गरीब, शनिवारी स्वर्ग." फोनवर कोणी विचारलं, तिकडे शार्क आहेत का, तर म्हणायची, "आहेत, पण रविवारी तेही चर्चला जातात." मग फोन ठेवून पुटपुटायची, "घाबरट. हा काही येत नाही."

शेंगा तिकडून पत्र्याच्या डब्यात, मेणकागदात गुंडाळून यायच्या. काळ्या, गवारीपेक्षा लांब, चिंचेसारख्या मऊ. प्रत्येक शेंग बोटांतून फिरवायची, वास घ्यायचा, लांबीप्रमाणे जुड्या बांधायच्या आणि काचेच्या नळीत भरायच्या. पहिल्याच दिवशी तिने एक शेंग उचलून दाखवली होती, तिच्यावर पांढरट बुरा होता. "व्हाइट दिसलं की फेकायचं. एक शेंग सगळा डबा नासवते." मी तसं करत आले. महिन्याला चार-पाच शेंगा निघायच्या, जास्त नाही.

तिच्या देशात सगळे सगळ्यांचे नातेवाईक. सगळ्यांत चांगल्या शेंगा तिच्या सख्ख्या काकांच्या. त्यांनी न्यूझीलंडच्या मदतीतून शेंगा वाळवायची शेड बांधली होती. भिंतीवर त्यांचा फोटो होता, बारीक म्हातारा, अंगात इस्त्रीचा शर्ट. "माझे काका खोटं बोलत नाहीत," ती गिऱ्हाइकांना सांगायची. तिच्या देशाची तिने केलेली ती सगळ्यांत मोठी जाहिरात.

त्या हिवाळ्यात चॉकलेट बनवणारं एक मोठं गिऱ्हाईक मिळण्याच्या बेतात होतं. काकांचा नवा डबा बघायला तो सोमवारी येणार होता. त्याने माल घेतला तर बेटावरच्या सगळ्यांच्या शेंगा वर्षानुवर्षं घेणार होता. डबा शुक्रवारी आला. तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला, अल्बनीच्या मॉलमध्ये पर्यटनाचा स्टॉल लावायचा होता. ती घाईत पत्रकांचे गठ्ठे गाडीत टाकत म्हणाली, "सिस, तू तयार करून ठेव. तुझ्यावर सोडते." आणि गेली.

मी डबा उघडला. वरपासून खालपर्यंत सगळ्या शेंगांवर पांढरं.

नियमाने सगळा डबा फेकायला हवा होता. मी स्टुलावर बसून राहिले. समोर काकांचा फोटो. मला वाटलं, म्हाताऱ्याचे वर्षाचे कष्ट, आणि हिचा सोमवार. आमच्या माहेरी, राजापूरकडे, पावसाळ्यात आंबापोळीवर बुरा यायचा. आई कोणी बघत नाहीसं पाहून फडक्याने पुसायची, तव्यावर जरा शेकायची आणि पाहुण्यांना वाढायची. कोणाला कधी काही झालं नाही. मी स्वच्छ मऊ फडकं घेतलं आणि एकेक शेंग पुसली. वास मात्र उबट नव्हता, उलट नेहमीपेक्षा गोड होता. तेव्हाच मी थांबायला हवं होतं. संध्याकाळपर्यंत पुसत बसले. शेंगा काळ्याभोर, चकचकीत झाल्या. मग फडकं धुऊन वाळत घातलं आणि कुलूप लावलं. मी त्या दोघांना वाचवलं असं मला वाटत होतं. घरी येऊन शिरा केला, बऱ्याच दिवसांनी.

सोमवारी गिऱ्हाईक आलं. उंच, शांत गोरा माणूस. तिने काकांचं आधी आलेलं पत्र त्याला वाचून दाखवलं आणि डबा उघडला. त्याने एक शेंग उजेडात धरली, मग दुसरी, मग तळातली. "चांगल्या आहेत," तो म्हणाला. "पण तुम्ही सांगितल्या त्या ह्या नाहीत." तिने स्वतः बघितलं. तिचा चेहरा उतरला. तो चहा न घेता गेला. जाताना त्याने सौजन्य म्हणून एक पर्यटनाचं पत्रक उचललं.

तिने लगेच तिकडे फोन लावला. भाषा मला कळत नव्हती, पण भांडण कोणत्याही भाषेत कळतं. फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे वळली. "काकांनी लिहिलं होतं, ह्या वर्षी शेंगांवर साखर आलीय. पांढरे बारीक स्फटिक. उत्तम शेंगांवरच येतात, दहा वर्षांतून एकदा. त्यांनी मला साध्या शेंगा पाठवल्या. चांगल्या दुसऱ्या कोणाला विकल्या असतील. स्वतःच्या पुतणीला फसवलं."

मी काय पुसलं होतं ते मला तेव्हा कळलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. भिंतीवरचा फोटो तिने काढला आणि खणात ठेवला.

त्या दिवशी मी नवरा येईपर्यंत जागी राहिले. त्याला सगळं सांगितलं. तो जेवता जेवता म्हणाला, "तू गप्प बस. तुला कोणी विचारलंय?"

"काका खोटे ठरले."

"काकांचं नाव गेलं. आपलं काय गेलं? तू बोललीस तर काम जाईल. मग घरात बसून भिंतींशी बोल."

"आत्ता तरी मी कोणाशी बोलते?"

तो म्हणाला, "भाजीत मीठ कमी आहे." मी मीठ आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी इंग्रजी शब्द जुळवले. गाळ्यात शिरल्याबरोबर, कोट न काढता, म्हटलं, "अंकल गुड. आय बॅड. व्हाइट, आय क्लीन. ऑल."

तिला कळलं नाही. मी फडकं घेतलं, शेंग घेतली आणि पुसून दाखवलं. मग ती खुर्चीत बसली. हळूच विचारलं, "का?"

"यू से व्हाइट, थ्रो. आय नो वाँट थ्रो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसती मान हलवली आणि फोन उचलला. ह्या वेळी बोलणं अगदी थोडं झालं. काका फोनवर आले नाहीत. काकूने सांगितलं, की कालचा फोन ठेवल्याबरोबर त्यांनी घरातल्या उरलेल्या सगळ्या शेंगा बंदरावरच्या दलालाला देऊन टाकल्या. तो सगळ्यांचा माल एकाच पोत्यात भरतो आणि दुसऱ्या देशाचा म्हणून विकतो. चॉकलेटवाल्यालाही तिने सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, वाईट वाटलं, पण पांढऱ्या शेंगा आहेत का? नव्हत्या.

तिकडे जाणारं विमान आठवड्यातून एकदा. ती माफी मागायला गेली. किल्ली माझ्याकडे होती. तो आठवडा त्या देशाच्या ऑफिसात मी एकटीच होते. फोन वाजला की शिकवलेलं एक वाक्य म्हणायचे, मॅडम पुढच्या आठवड्यात. एका बाईने विचारलं, तुमच्याकडे आत्ता हवा कशी आहे. मी खिडकीतून बघितलं, ईस्ट टामाकीत पाऊस होता. "गुड," म्हटलं. पत्रकातलं निळं पाणी बघत डबा खायचे.

ती परत आली. काकांनी तिला जवळ घेतलं, जेवू घातलं. "दोष तुझ्या बाईचा नाही," ते म्हणाले, "तू आधी मला ओरडलीस आणि मग विचारलंस." हे तिने मला स्वतःहून सांगितलं. फोटो परत भिंतीवर लावला. मला कामावर ठेवलं. पण त्यानंतर "तुझ्यावर सोडते" असं ती कधी म्हणाली नाही. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची, मग विचारायची, समजलं का? मी मोठ्याने "येस" म्हणायचे. शार्कचा विनोद फोनवर करायची, पण नंतर माझ्याकडे बघून पुटपुटायची नाही.

मी आणखी तीन वर्षं तिथे होते. काकांचा डबा दर वर्षी यायचा. शेंगा चांगल्या, काळ्या, वासाच्या. डबा उघडताना ती हातातलं काम टाकून यायची. आम्ही दोघी वाकून बघायचो. पांढरं पुन्हा आलं नाही. ती "ओके" म्हणायची आणि आपल्या टेबलाकडे जायची, आणि मी शेंगा निवडायला बसायचे.